सतरा नंबरचा बिल्ला

१

श्यामलाचा आठवडा रविवारी पहाटे सुरू व्हायचा. रियाधच्या अल मलाझमधल्या घरातून निघायचं, दम्मामची गाडी पकडायची आणि तिथून कंपनीच्या व्हॅननं जुबैल गाठायचं. गुरुवारी दुपारी चारला संग्रहालयाच्या दालनाला कुलूप लागलं की परत घरी, नवरा कुमार आणि दहावीतली स्वानंदी यांच्याकडे. सात महिने हे असंच चाललं होतं. "मम्मा इज अ गेस्ट," असं स्वानंदी मैत्रिणींना सांगायची. श्यामलाला ते लागायचं, पण लागलं म्हणून बोलून दाखवणाऱ्यातली ती नव्हती.

काम तिच्या आवडीचं होतं. चाळीस वर्षं चाललेला एक खत कारखाना मोडीत निघाला, तेव्हा कंपनीत कुणाला तरी सुबुद्धी सुचली आणि जुनं वर्कशॉप संग्रहालयासाठी राखून ठेवलं गेलं. दाबाची घड्याळं, हेल्मेटं, तेलकट लॉगबुकं, कंट्रोल रूमचं अख्खं पॅनेल असं सगळं तिथे येऊन पडलं होतं. प्रत्येक वस्तू पुसायची, फोटो काढायचा, नोंद करायची, नंबर द्यायचा. एकदा नंबर पडला की त्या वस्तूवर कुणी साधी रेघही ओढायची नाही, हा श्यामलाच्या धंद्याचा पहिला नियम.

आणि कुठली वस्तू कशाची हे सांगायला होते हुसेनमियाँ. श्रीवर्धनकडचे, साठीला टेकलेले. कारखाना बंद झाल्यावर बाकीच्यांना घरी पाठवलं, यांना तेवढं ठेवून घेतलं, कारण भंगाराच्या ढिगातून एक नटबोल्ट उचलून दिला तरी तो कुठल्या पंपाचा हे ते सांगायचे. आता त्यांचाही फायनल एक्झिट, देश कायमचा सोडायचा व्हिसा, लागला होता. त्याची मुदत पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी संपत होती आणि त्याच रात्री दम्मामहून त्यांचं विमान होतं. गावी त्यांच्या बायकोच्या, इस्मतभाभींच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ते येऊन समोर उभे राहिल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही, असं त्यांनी फोनवर निक्षून सांगितलं होतं.

"छब्बीस वर्सं आवाजच ऐकला तिनं माझा," हुसेनमियाँ म्हणायचे. "आता निदान तोंड तरी बघू दे."

२

दालनाच्या मधोमध एक ड्रम आडवा ठेवला होता. ड्रम म्हणजे माणसाच्या उंचीची, खोलीएवढी लांब पोलादी टाकी. तिच्या एका टोकाला गोल तोंड होतं, एक माणूस खांदे आवळून आत शिरेल एवढं. वर्षातून एकदा कारखाना थांबायचा, तेव्हा माणसं अशा ड्रममध्ये उतरून तारेच्या ब्रशनं आतला गंज घासून काढायची. तोंडाशी स्टुलावर एक पहारेकरी बसायचा. सव्वीस वर्षं ते काम हुसेनमियाँनी केलं होतं.

शेजारी हिरव्या फळीवर अडकवायचे लोखंडी आकडे होते आणि एका डब्यात पितळेचे गोल बिल्ले, प्रत्येकावर नंबर. रीत अशी, की आत जाणाऱ्यानं आपला बिल्ला आपल्या हातानं आकड्याला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर आपल्याच हातानं काढायचा. फळीवर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे, आणि माणूस आत आहे तोवर पहारेकरी स्टूल सोडत नाही.

श्यामलाला ही रीत फार आवडली. नुसती फळी मांडण्यापेक्षा काम चालू असल्यासारखं दृश्य उभं करावं, असं तिच्या मनात आलं. कोऱ्या परमिटांचं, म्हणजे ड्रममध्ये उतरायच्या लेखी परवानग्यांचं, एक पॅड तिला सापडलं होतं. तिनं एक पान हुसेनमियाँपुढे ठेवलं.

"खरोखरीचं भरतात तसं भरा. तारीख आजचीच घाला."

त्यांनी चष्मा लावला आणि भरायला घेतलं. काम : आतली साफसफाई, पूर्ण होईपर्यंत. माणसं : एक. कामगाराच्या नावापाशी त्यांचं पेन थबकलं.

"कुणाचंही घाला," श्यामला म्हणाली.

त्यांनी उस्मान लिहिलं. खाली पहारेकरी म्हणून आपली सही केली. काम बंद केल्याचा रकाना भरायला पेन वळलं, तसं श्यामलानं पान हळूच ओढून घेतलं. "तो रिकामा राहू दे. काम चालू आहे असं दिसायला हवं."

"उस्मानचा बिल्ला सतरा," ते म्हणाले.

तिनं पांढरे हातमोजे घालून सतरा नंबर शोधला आणि आकड्याला अडकवला. हुसेनमियाँच्या कपाळाला आठी पडली.

"दुसऱ्यानं लावायचा नाय, बाय. ज्याचा त्यानं लावायचा."

"फोटोपुरता हो," ती हसून म्हणाली.

ते स्टुलावर बसले, फोटो निघाला. फोटो इतका छान आला की तिनं मांडणी तशीच ठेवायची ठरवली. परमिटला नंबर पडला आणि ते काचेच्या चौकटीत गेलं. सात महिन्यांत इतकं मनासारखं काम झालं नव्हतं, असं तिनं त्या रात्री कुमारला फोनवर सांगितलं.

३

तिसऱ्या दिवशी ड्रमच्या तोंडाखाली फरशीवर तपकिरी भुकटी दिसली, चिमूटभर. गंज चालू आहे म्हणजे हवेत दमटपणा आहे, आणि तसं असेल तर सगळ्याच वस्तूंचं कठीण. तिनं दमटपणा मोजायचं यंत्र आणून ठेवलं. हवा खडखडीत कोरडी निघाली.

तिनं फरशी पुसून ड्रमच्या तोंडाखाली पांढरा कागद अंथरला. दुसऱ्या दिवशी कागदावर ओंजळभर भुकटी होती, आणि ती वरून गळलेली वाटत नव्हती. आतून झाडून बाहेर लोटली असावी तशी तिची रांग लागली होती.

बाहेरच्या रस्त्यावरून टँकर जातात, त्यांची थरथर असणार. तिनं रजिस्टरमध्ये तसं लिहिलं. खाली तारीख टाकताना तिच्या लक्षात आलं, की टँकर सात महिने जात होते आणि भुकटी आत्ता पडायला लागली होती. मनात पाल चुकचुकली, पण तिनं रजिस्टर मिटलं आणि जेवायला गेली.

४

उन्हाळ्यात बारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी. बाहेरचे गवंडी, रंगारी सगळे बारा वाजता सावलीला पळायचे, ऑफिसातले लोक नमाज आणि जेवणाला जायचे. दालनात चिटपाखरू नसायचं. त्या तीन तासांत हुसेनमियाँ कँटीनला यायचे बंद झाले, हे श्यामलाला पुढच्या आठवड्यात कळलं. ती डबा घेऊन परत आली, तर ते स्टुलावर बसलेले. हातात एक पाना होता.

"मियाँ, जेवला नाहीत?"

"माणूस आत हाय, बाय."

ती हसायला गेली आणि त्यांचा चेहरा बघून थांबली. मस्करी करणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"उस्मान माझा दोस्त," ते सांगू लागले. "गाव लागूनच आमची. वीस वर्सं तो आत आणि मी भायेर. तीन वर्सांमागं गावी गेला, झोपेतच खलास झाला. मला सुट्टी नाय मिळाली, जनाज्याला नव्हतो मी." त्यांनी पाना या हातातून त्या हातात घेतला. "तुम्ही म्हणालात नाव लिवा, तर हातातून त्याचंच नाव गेलं. परमिटावर नाव लिवलं, बिल्ला लावला, मी येऊन स्टुलावर बसलो. आता तो कामाला येल नाय तर काय करल? कामाला कधी नाय म्हणाला नाय तो. लोकांच्या गडबडीत तो घासत नाय, दालन रिकामं झालं की हात चालतो त्याचा, तवाच मी बसतो."

त्यांनी पान्यानं ड्रमवर एकदा ठोकलं. आवाज घुमला आणि विरला.

"एक ठोका म्हंजे, ठीक हायस का. आतून दोन आले म्हंजे, ठीक हाय. तीन आले म्हंजे, भायेर येतो."

एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. श्यामला मनात म्हणाली, बिचारा सव्वीस वर्षांनी घरी निघालाय, मन जागेवर नाही. मग आतून टक् टक् असे दोन ठोके आले.

पोलाद गार पडताना आवाज करतं, हे तिला माहीत होतं. वर्कशॉपच्या पत्र्यावर ऊन रणरणत होतं आणि आत एसी होता. ताकद लावून तिनं स्वतःला हे पटवलं, आणि डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"दोन घास खा. इथेच बसून खा हवं तर."

तेवढं मात्र त्यांनी ऐकलं.

५

पण आवाज एकट्या ठोक्यांचा राहिला नाही. दुसऱ्या दुपारी ती त्यांच्याशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि कान देऊन ऐकू लागली. खर्र, खर्र, खर्र. मग थांबणं. दम खाण्याएवढं थांबणं. मग पुन्हा खर्र, खर्र.

एसीचा डक्ट असेल म्हणून तिनं जाऊन एसी बंद केला. आता घासण्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

तिनं टॉर्च घेतला. हुसेनमियाँनी तिला अडवलं नाही, फक्त म्हणाले, "त्याच्या डोळ्यांवर उजेड मारू नका." आवाज थांबला होता. तिनं ड्रमच्या तोंडातून हात आत घातला आणि टॉर्च लावला.

ड्रम आला तेव्हा तिनं स्वतः आतले फोटो काढले होते. सगळी भिंत तपकिरी, खवल्याखवल्यांची. आता तोंडापासून अर्ध्यापर्यंत पोलाद चकचकीत झालं होतं, ब्रशच्या बारीक गोल रेघांसकट. त्यापुढे गंज तसाच होता. जिथे चकाकी संपत होती तिथे, खालच्या बाजूला, उजेड जात होता पण परत येत नव्हता. बसल्या माणसाएवढी जागा होती ती. तिथून ओल्या लोखंडाचा आणि घामाचा वास आला.

श्यामलानं टॉर्च विझवला. ती खुर्चीवर येऊन बसली.

"अजून आठ-दहा दिवसांचं काम हाय," हुसेनमियाँ म्हणाले. "मी हिशेब केला. अर्धवट टाकून तो येणार नाय."

"आणि गुरुवार परवावर आलाय," श्यामला म्हणाली.

६

बुधवारी ती शार्दूलकडे गेली. शार्दूल संग्रहालयाचा मॅनेजर, ठाण्याचा, कामाला वाघ आणि बोलायला गोड. पुढच्या आठवड्यात उद्घाटन होतं आणि त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"परमिटची चौकट उघडायची? मॅडम, तुम्हीच नंबर टाकलाय त्याला. तुम्हीच मला नियम शिकवलेत," तो म्हणाला. "आणि मियाँना समजवा काहीतरी. सकाळी मला म्हणतात, विमान रद्द करा. उद्या निघाले नाहीत तर व्हिसा मेला. इथे राहायचा इकामा तर कधीच संपलाय. दंड, चकरा, सगळं आलं, आणि ज्याच्या नावावर आले तो कफील आता हात वर करणार."

तिनं शब्द चघळत सांगायचा प्रयत्न केला. ड्रममध्ये काहीतरी आहे, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"मांजर असेल," शार्दूल म्हणाला आणि त्याचा फोन वाजला.

संध्याकाळी तिनं हुसेनमियाँना सांगितलं, की चौकट आपण आपली उघडू. तुम्ही काम बंद केल्याची सही करा आणि निश्चिंत जा. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला तोंडात मारल्यासारखं झालं.

"माणूस आत असताना बंदची सही? ती मी छब्बीस वर्सांत नाय केली. आता दोस्तावर करू?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून इस्मतभाभींचा आवाज श्यामलालाही ऐकू आला. त्या विचारत होत्या, पोरं मुंबईला गाडी घेऊन येतायत, किती वाजता उतरणार? हुसेनमियाँ फोन कानाला धरून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. श्यामलाला स्वतःची इतकी चीड आली की काय करू असं झालं. नाव लिहा म्हणणारी ती, बिल्ला लावणारी ती, रकाना रिकामा ठेवणारी तीच.

७

गुरुवारी बारा वाजता दालन रिकामं झालं. श्यामलानं चौकटीचे स्क्रू काढले, काच बाजूला केली आणि परमिट बाहेर घेतलं. खालच्या बाजूला एक रकाना होता, पहारेकऱ्याच्या बदलीचा. पहारा देणारा दमला, आजारी पडला, तर दुसरा त्याची जागा घेई, नाव आणि वेळ लिहून.

"हे चालतं ना तुमच्यात?" तिनं विचारलं.

"चालतं. पण तुम्ही..."

"मी बसते. रोज दुपारी बसेन. आठ-दहा दिवसांचं तर काम आहे. तो बाहेर आला की मी तुम्हाला फोन करेन."

नंबर पडलेल्या कागदावर रेघही न ओढणाऱ्या बाईनं पेन काढलं आणि रकान्यात आपलं नाव लिहिलं. श्यामला, बारा वाजून दहा मिनिटं. अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार आलं नाही.

ते स्टुलावरून उठले. पाना तिच्या हातात दिला. ड्रमवर पालथा हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "उस्मान, मी घरी चाललोय. बाय बसतेय." आत घासणं चालूच होतं. त्या आवाजात त्यांचं बोलणं पोचलं की नाही, कोण जाणे. बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता, यल्ला यल्ला म्हणत घाई करत होता. हुसेनमियाँनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता गेले.

श्यामला स्टुलावर बसली. गाडीचा आवाज दूर गेला. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त हलकं वाटत होतं. म्हातारा घरी पोचेल. बायकोचे डोळे उघडतील तेव्हा समोर असेल.

पाऊण वाजता तिनं पान्यानं एक ठोका दिला. दोन आले. दीड वाजता दिला, दोन आले. तिला त्या घासण्याची सवयसुद्धा होऊ लागली. माणूस काम करतोय, आपण बाहेर बसलोय, यात वाईट ते काय, असं तिच्या मनात आलं.

सव्वादोनला घासणं थांबलं. आणि आतून तीन ठोके आले.

ती उठून उभी राहिली. काम अर्धवट होतं, तरी तीन. पाणी प्यायला येत असेल, असा वेडा विचार तिच्या डोक्यात आला. आतून काहीतरी सरपटत तोंडाकडे येत होतं, गुडघे आणि कोपर पोलादावर टेकत, सावकाश, वयस्कर माणूस येतो तसं. मग तोंडाच्या कडेवर एक हातमोजा टेकला. चामड्याचा, गंजानं लाल झालेला. बोटं कडेला घट्ट धरून राहिली. मोज्याच्या वर मनगट होतं, तिथे तिनं पाहिलं नाही.

"हुसेन?"

आवाज धुळीनं बसलेला होता. त्यात काही वाईट नव्हतं. दिवसभर आत राहिलेला माणूस बाहेरच्याला हाक मारतो, एवढंच होतं.

खोटं बोलायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पाणी आणायला गेलेत, आत्ता येतील. पण ज्या स्टुलावर सव्वीस वर्षं कुणी खोटं बोललं नव्हतं, तिथे तिला ते जमेना.

"हुसेनमियाँ घरी गेले," ती म्हणाली. "गावी. मी आहे त्यांच्या जागी."

हातमोजा हलला नाही. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग एकेक बोट सुटत गेलं आणि हात मागे, अंधारात गेला. सरपटण्याचा आवाज आत आत गेला आणि थांबला.

ती घासण्याची वाट बघत राहिली. घासणं सुरू झालं नाही.

तीन वाजता तिनं ठोका दिला. फार उशिरानं दोन आले. साडेतीनला दिला, दोन आले, पण दोघांत इतकं अंतर की पहिला आल्यावर दुसऱ्यासाठी तिला श्वास धरून ठेवावा लागला. तो आत होता. बसून होता. हुसेनमियाँ बाहेर नसताना काम होणार नव्हतं, आणि काम झाल्याशिवाय तो येणार नव्हता.

चार वाजता शार्दूल किल्ल्या वाजवत आला. फोनवर स्वानंदीचे तीन मेसेज येऊन पडले होते.

"मॅडम, चला, व्हॅन लागलीय. तुमची गाडी चुकेल. रविवारपर्यंत इथे कुत्रं फिरकणार नाही."

श्यामलानं फळीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. मग पाना उचलून मांडीवर ठेवला.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "किल्ली ठेवून जा. आणि जमलं तर जाताना कँटीनमधून दोन माणसांचं जेवण सांगा."